लोकलहोस्ट : पण कुणाचा?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. आमच्या ग्रुपने खानावळीचा हिशोब ठेवणारी वेबसाइट केली होती. कोण किती दिवस जेवलं, कुणाचे पैसे बाकी आहेत, असं सगळं त्यात होतं. माझ्या लॅपटॉपवर ती झकास चालायची. परीक्षेच्या खोलीत मात्र प्रोजेक्टर लॅबच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. बाहेरून आलेले सर म्हणाले, "हं, दाखवा." मी लॅबच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला आणि मोठ्या आत्मविश्वासाने टाइप केलं, लोकलहोस्ट:५०००. पान उघडलं नाही. पुन्हा एंटर दाबलं, पुन्हा तेच.

"तुमची वेबसाइट चालू कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"लोकलहोस्टवर आहे, सर."

"हो, पण कुणाच्या?"

माझा लॅपटॉप चार पावलांवर मागच्या बाकावर उघडा होता आणि त्यावर सर्व्हर चालूच होता. तरी मला उत्तर देता आलं नाही. शेवटी मित्राने प्रोजेक्टरची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि वेळ निभावली. मार्क किती गेले ते विचारू नका.

हा घोळ आता आणखी वाढलाय. हल्ली एआयला सांगून अर्ध्या तासात वेबसाइट उभी राहते. शेवटी चॅटबॉट म्हणतो, "लोकलहोस्ट:५१७३ उघडून बघा." आपण बघतो, खूश होतो आणि तीच लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मग पाच जणांचा एकच रिप्लाय येतो, "उघडत नाहीये रे." आपण म्हणतो, "तुझं नेट बघ." नेटचा इथे काहीच दोष नसतो.

लोकलहोस्ट हे सर्वनाम आहे

शाळेतलं व्याकरण आठवा. 'कोल्हापूर' हे नाम. कुणीही म्हटलं तरी गाव तेच. 'मी' हे सर्वनाम. मी 'मी' म्हटलं की मी, तुम्ही 'मी' म्हटलं की तुम्ही. शब्द तोच, पण बोलणारा बदलला की माणूस बदलतो.

लोकलहोस्ट हा कॉम्प्युटरच्या भाषेतला 'मी' आहे. माझ्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं तर अर्थ होतो 'हाच लॅपटॉप'. तुमच्या मोबाईलवर टाकलं तर 'हाच मोबाईल'. लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकलं तर 'लॅबचा कॉम्प्युटर'. मी त्या दिवशी लॅबच्या कॉम्प्युटरला विचारत होतो, "तुझ्याकडे खानावळीची वेबसाइट आहे का?" त्याच्याकडे ती नव्हती, म्हणून तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला.

यात एक गंमतही होऊ शकते. तुम्ही मित्राला लोकलहोस्ट:३०००ची लिंक पाठवली आणि नेमकं त्याच्या लॅपटॉपवरही ३००० वर त्याचंच काहीतरी चालू असेल, तर ती लिंक उघडेल. फक्त त्याला दिसेल त्याचाच प्रोजेक्ट.

१२७ आलं कुठून?

इंटरनेटवर यंत्रं एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. लोकलहोस्ट या नावामागचा पत्ता म्हणजे १२७.०.०.१. (इथे मी आकडे आणि नावं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा.)

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात पत्ते मोठमोठ्या गठ्ठ्यांनी वाटले जायचे. पहिला आकडा हा गठ्ठ्याचा क्रमांक. १९८१ सालच्या आरएफसी ७९० या कागदपत्रात १२७ क्रमांकाचा गठ्ठा राखीव दाखवलेला आहे, आणि १९८६ च्या आरएफसी ९९० मध्ये तो 'लूपबॅक'साठी दिल्याचं लिहिलं आहे. लूपबॅक म्हणजे फिरून परत स्वतःकडेच येणं. त्या काळी पत्त्यांचा तुटवडा पडेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे एका पत्त्याने भागलं असतं तिथे सबंध गठ्ठा देऊन टाकला. १२७ ने सुरू होणारे एकूण पत्ते १,६७,७७,२१६. इतके सगळे पत्ते फक्त स्वतःशी बोलायला! विंडोज किंवा लिनक्सवर १२७.५.५.५ ला पिंग करून बघा, तरी आपलंच यंत्र उत्तर देतं. पुढे आयपीव्ही६ बनवताना मंडळी शहाणी झाली होती. तिथे लूपबॅकला एकच पत्ता आहे, दोन विसर्गासारखे ठिपके आणि पुढे एक : "::१".

या पत्त्यांचा एक कडक नियम आहे. १२७ च्या पत्त्यावर पाठवलेली माहिती यंत्राबाहेर पडताच कामा नये. ती वायफायच्या चिपपर्यंतसुद्धा जात नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक लुटुपुटुचं नेटवर्क कार्ड असतं (लिनक्सवर त्याचं नाव नुसतंच 'एलओ'). माहिती त्यात एका बाजूने शिरते आणि लगेच आत परत येते.

याची खात्री मोबाईलवरच करता येते, लॅपटॉप नसला तरी चालेल. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप घ्या (एफ-ड्रॉइडवरचं घेतलेलं बरं), त्यात पायथन इन्स्टॉल करा आणि पायथनसोबत फुकट मिळणारा छोटा वेब सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू करा. आता मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. क्रोममध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा. नेट नाही, सिम नाही, तरी पान उघडतं, कारण प्रश्न विचारणारा तुमचा मोबाईल आणि उत्तर देणाराही तोच.

पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर

पत्ता म्हणजे बिल्डिंग धरली तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. एका यंत्रावर एकाच वेळी वेबसाइट, डेटाबेस आणि आणखी चार गोष्टी चालू असतात, म्हणून कुणाचं दार वाजवायचं ते सांगावं लागतं. नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. फ्लास्क सहसा ५००० वर बसतं, जँगो ८००० वर, व्हीट ५१७३ वर, ज्युपिटर ८८८८ वर, मायएसक्यूएल ३३०६ वर. एका दारामागे एकच भाडेकरू राहतो. 'पोर्ट आधीच वापरात आहे' असा एरर आला तर बहुतेक वेळा आपलाच जुना सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालू राहिलेला असतो. मॅकवर ५००० अडवणारा भाडेकरू कित्येकदा एअरप्ले असतो. फ्लास्क शिकणारी मुलं त्यावर तासन् तास डोकं फोडतात.

मग मोबाईलवर दाखवायचं कसं?

खरी कटकट इथे आहे. वेबसाइट लॅपटॉपवर बनते, पण ती बघणारे मोबाईलवर बघतात. म्हणून मोबाईलवर तपासणं भागच आहे.

पहिली गोष्ट, 'मी' ऐवजी नाव सांगायचं. लॅपटॉपला वायफायवर जो पत्ता मिळालाय तो शोधा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहा आणि आयपीव्ही४ ची ओळ बघा. मॅकवर वायफायच्या सेटिंगमध्ये डिटेल्स मध्ये दिसतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होतो. समजा १९२.१६८.१.७ आहे. मोबाईल त्याच वायफायवर घ्या आणि क्रोममध्ये १९२.१६८.१.७:५००० टाका. सुरुवातीला एचटीटीपी लिहायला विसरू नका, एचटीटीपीएस नाही.

बऱ्याच जणांचं तरीही उघडत नाही, कारण दुसरी गोष्ट राहिलेली असते. डेव्हलपमेंट सर्व्हर मुद्दामच फक्त १२७.०.०.१ वर कान लावून बसतात. बाहेरच्या कुणी दार वाजवलं तर त्यांना ऐकूच जात नाही. त्यांना सांगावं लागतं की या यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर कान दे. त्यासाठीचा आकडा म्हणजे ०.०.०.०. फ्लास्कमध्ये 'होस्ट'ची किंमत ०.०.०.० करा. जँगोमध्ये रनसर्व्हरच्या पुढे ०.०.०.०:८००० लिहा आणि 'अलाउड होस्ट्स'च्या यादीत लॅपटॉपचा पत्ता टाका. व्हीटला 'होस्ट' हा पर्याय द्या. ०.०.०.० हा सर्व्हरला सांगायचा आकडा आहे. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकायचा तो १९२.१६८ वाला खरा पत्ता.

एवढं करूनही अडलं तर एरर नीट वाचा. आपण सगळे एरर एकाच नजरेने 'नाही चाललं' असे वाचतो, तिथेच फसतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि तेही झटकन आलं, तर तुम्ही बिल्डिंगपर्यंत पोहोचला आहात. आतून कुणीतरी सांगतंय, "या फ्लॅटमध्ये कुणी राहत नाही." म्हणजे पोर्ट चुकलाय, सर्व्हर बंद पडलाय किंवा तो अजून १२७ वरच बसलाय. माझ्या परीक्षेत नेमका हाच एरर होता. तो वाचला असता तर लॅबच्या कॉम्प्युटरने स्वतःच उत्तर दिलंय हे कळलं असतं.

पान गोल गोल फिरत राहिलं आणि बऱ्याच वेळाने 'टाइम्ड आउट' आलं, तर तुम्ही बेल वाजवत राहिलात आणि कुणी आलंच नाही. इथे संशय फायरवॉलवर घ्या. पहिल्यांदा सर्व्हर चालू केला तेव्हा विंडोजने परवानगी विचारली असणार आणि आपण घाईत 'कॅन्सल' दाबलं असणार. तसं नसेल तर वायफाय बघा. कॉलेज, हॉस्टेल, कॅफे इथल्या वायफायवर अनेकदा एका यंत्राला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यही आहे. अशा वेळी सरळ मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, लॅपटॉपचा नवा पत्ता बघा आणि मोबाईलवर उघडा. हे बोलणं लॅपटॉप आणि मोबाईल यांच्यातच होतं, त्यामुळे डेटा पॅकही खर्च होत नाही. प्रोजेक्टच्या परीक्षेला जाताना मी हाच उपाय सगळ्यांना सांगतो.

अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. एम्युलेटर दिसतो लॅपटॉपच्याच पडद्यावर, पण स्वतःला वेगळा फोन समजतो. त्याचा 'मी' वेगळा आहे. त्यातून लॅपटॉपचा लोकलहोस्ट गाठायला १०.०.२.२ हा खास पत्ता दिलेला आहे.

कॅमेरा लॅपटॉपवर चालतो, मोबाईलवर नाही

हा सापळा मला बराच उशिरा समजला. तुम्ही क्यूआर स्कॅन करणारं पान बनवलं. लॅपटॉपवर लोकलहोस्टने उघडलं तर कॅमेरा चालू होतो. तेच पान मोबाईलवर १९२.१६८ च्या पत्त्याने उघडलं, तर कॅमेऱ्याची परवानगीसुद्धा विचारली जात नाही. कोडमध्ये काही बदललेलं नाही. मग?

कॅमेरा, माइक, लोकेशन या गोष्टी ब्राउझर फक्त सुरक्षित जोडणीवरच देतो, म्हणजे एचटीटीपीएस हवं. लोकलहोस्टला यातून सूट आहे, कारण माहिती यंत्राबाहेर जातच नाही, तर वाटेत चोरणार कोण? १९२.१६८ ला ती सूट नाही, कारण तिथे माहिती खरोखर हवेतून जाते.

उपाय मजेशीर आहे. मोबाईलचाच लोकलहोस्ट लॅपटॉपकडे वळवायचा. मोबाईलमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून केबलने लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगची सोय आहे. त्यात ५००० पोर्ट लॅपटॉपच्या लोकलहोस्ट:५००० कडे पाठवा असं सांगा. एडीबी येत असेल तर 'रिव्हर्स' कमांडनेही हेच होतं. आता मोबाईलवर लोकलहोस्ट:५००० टाकलं की पान लॅपटॉपवरून येतं, पण मोबाईलच्या दृष्टीने तो स्वतःशीच बोलतोय. कॅमेरा चालतो.

लांबच्या मित्राला दाखवायचं असेल तर एनग्रोकसारखी टनेल सेवा वापरतात. ती इंटरनेटवरचा खरा पत्ता देते आणि तिथे येणारी माणसं तुमच्या लोकलहोस्टपर्यंत आणून सोडते. दाखवून झालं की बंद करा.

कधी कधी लोकलहोस्ट लिहिलं की चालत नाही आणि १२७.०.०.१ लिहिलं की चालतं, असंही होतं. नाव एकच असलं तरी त्यामागे दोन पत्ते असतात, जुना १२७ वाला आणि नवा ::१. सर्व्हर एकावर बसलेला आणि विचारणारा दुसऱ्यावर, असं झालं की चुकामूक होते. नोड १७ पासून हे जास्त दिसायला लागलं. एररमध्ये ::१ दिसलं की हाच प्रकार समजा.

दार फक्त तुमच्याच हातात नाही

आतापर्यंत 'सगळ्यांना ऐकू जाऊ दे' असं सांगत आलो. आता उलट बाजू. ०.०.०.० लावून तुम्ही कॅफेच्या वायफायवर बसलात, तर तिथल्या कुणालाही तुमचा अर्धवट प्रोजेक्ट उघडता येऊ शकतो. पायथनचा तो छोटा सर्व्हर तर न सांगताच सगळ्या पत्त्यांवर बसतो आणि ज्या फोल्डरमधून चालू केला त्यातल्या फायलींची यादी दाखवतो. तो डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये चालू केला असेल, तर आधार कार्डाच्या पीडीएफपासून सगळं उघड्यावर. चालू करताना त्याला 'बाइंड' करून १२७.०.०.१ सांगितलं की तो घरातच राहतो.

पण मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोड न लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. तुमच्या मोबाईलवर लोकलहोस्ट वापरणारे तुम्ही एकटेच नाही. अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगी असलेलं कुठलंही ॲप १२७.०.०.१ वर एखादं पोर्ट उघडून बसू शकतं. वेगळं काही विचारावं लागत नाही.

३ जून २०२५ रोजी युरोपातल्या काही संशोधकांनी याचा एक वापर उघड केला. स्पेनमधली आयएमडीईए नेटवर्क्स, नेदरलँड्समधलं रॅडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियममधलं केयू लूव्हेन इथले हे लोक. त्यांना दिसलं की अँड्रॉइडवरची फेसबुक आणि इन्स्टाग्राम ॲप्स मागे लोकलहोस्टच्या ठरावीक पोर्टांवर कान लावून बसतात. दुसरीकडे, लाखो वेबसाइटवर मेटाचा 'पिक्सेल' नावाचा छोटा कोड असतो. तुम्ही ब्राउझरमध्ये अशी साइट उघडली की तो कोड आपली कुकी लोकलहोस्टकडे पाठवायचा. ॲप ती घ्यायचं. ॲपमध्ये तर तुम्ही नावानिशी लॉगिन असता. म्हणजे ब्राउझरमधला अनोळखी माणूस आणि ॲपमधले तुम्ही, यांची गाठ तुमच्याच मोबाईलच्या आत पडत होती. इन्कॉग्निटो वापरा, कुकीज पुसा, फरक पडत नव्हता. यांडेक्स ही रशियन कंपनी तर असाच मार्ग २०१७ पासून वापरत होती. हे जाहीर झालं त्याच दिवशी मेटाच्या कोडने लोकलहोस्टकडे माहिती पाठवणं थांबवलं.

याआधीही एक प्रकरण गाजलं होतं. २०१९ च्या जुलैमध्ये जोनाथन लाइटशू या संशोधकाने दाखवलं की मॅकवर झूम आपला एक छोटा सर्व्हर लोकलहोस्टच्या १९४२१ पोर्टवर ठेवतं. एखादी वेबसाइट त्याच्याशी बोलून तुम्हाला कॅमेऱ्यासकट कॉलमध्ये ओढू शकत होती. झूम काढून टाकलं तरी तो सर्व्हर मागे राहायचा. शेवटी ॲपलनेच गुपचूप अपडेट पाठवून तो काढला.

दोन्ही ठिकाणी गृहीतक एकच फसलं. लोकलहोस्टवरची माहिती यंत्राबाहेर जात नाही, हे खरं. पण यंत्राच्या आत सगळे आपलेच असतात, हे खरं नाही. बाहेरची वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये उघडली की तिचा कोडही आपल्या घरातच चालतो, आणि तिने 'मी' म्हटलं की त्याचा अर्थ तुमचा मोबाईल असाच लागतो.

म्हणूनच ब्राउझर आता सावध होतायत. २०२५ च्या शेवटी आलेल्या क्रोम १४२ पासून एखाद्या सार्वजनिक वेबसाइटला तुमच्या लोकल नेटवर्कवरच्या यंत्रांशी किंवा लोकलहोस्टशी बोलायचं असेल, तर आधी तुमची परवानगी विचारली जाते. तुम्ही स्वतः बनवलेली साइट तपासताय किंवा घरचा प्रिंटर जोडताय, तर 'हो' म्हणायला हरकत नाही. क्रिकेटचा स्कोअर बघायला उघडलेल्या पानाने ती विचारली तर 'नाही' दाबा. स्कोअर बघायला त्या पानाला तुमच्या घरात यायची काही गरज नाही.